पाच कोरी छेना

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर म्हणजे उतई. भिलाईच्या कारखान्यात ३४ वर्षं स्टोअरमध्ये काढून मी इथं घर बांधलं, तेव्हा नागपूरच्या साडूंना फोनवर 'ऊटी' ऐकू आलं होतं. वास्तुशांतीला ते मे महिन्यात स्वेटर घेऊन उतरले.

हिनं सातव्या महिन्यातच यादी हातावर ठेवली. डिंक, हळीव, खारीक, सुंठ, ओवा, बाळंतशोपा, वेखंड, दोन डझन लंगोट, जुनी मऊ लुगडी. स्टोअरवाला यादीला भीत नसतो. मी सवयीनं इंडेंट नंबर विचारला. तिनं नुसतं बघितलं.

डिंक लगेच मिळाला. इथल्या जंगलात धावडा उदंड. घोडं अडलं बाळंतशोपांशी. दुकानदारानं बडीशेप पुढे केली. मी म्हणालो, ही नव्हे, हिची चुलत बहीण. शेवटी मोबाईलवर शेपेचं हिंदी नाव सापडलं, 'सोया'. ठसक्यात अर्धा किलो मागितला. घरी पुडा सोडला, तर आत सोयाबीनच्या वड्या! त्यांची भाजी तीन दिवस माझ्या एकट्याच्या पानात पडत होती.

मग शेजारची दाई मदतीला आली. दाई म्हणजे सुईण नव्हे हं. छत्तीसगडीत आईला आणि आईच्या वयाच्या बाईलाही दाई म्हणतात. हे साडूंना कळायच्या आत त्यांनी तिला "बाळंतपणाचे किती घेता?" असं विचारून टाकलं होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही. मला म्हणाली, "बाबूजी, पांच कोरी छेना मंगा लेव."

कोरी म्हणजे वीस, एवढं ठाऊक होतं. पण शंभर छेना? बाळंतिणीला दूधदुभतं हवंच, असा विचार करून मी भिलाईतल्या मिठाईवाल्याकडून किलोभर ताजा, निथळलेला छेना आणला. दाईनं डबा उघडला, वास घेतला आणि पदर तोंडाला लावून ती ओट्यावरच बसली. तिच्या भाषेत छेना म्हणजे शेणाची गोवरी. गोरसीत, म्हणजे मातीच्या शेगडीत पेटवून बाळंतिणीला शेक द्यायला. "१९५९ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जिथं पहिली झोतभट्टी सुरू झाली, तिथला माणूस तुम्ही," ही म्हणाली, "आणि तुम्हाला गोवरी कळत नाही!"

तिची खोड दुसऱ्या दिवशी मोडली. गर्भवतींना मोफत नेणाऱ्या १०२ नंबरच्या गाडीचं नाव दाईनं सांगितलं, महतारी एक्सप्रेस. ही उसळली, "म्हातारी कोण? पोर एकोणतीसची आहे माझी!" छत्तीसगडीत महतारी म्हणजे आई, हे मी अत्यंत शांतपणे, पुनःपुन्हा समजावून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही भाषांना एकाच पट्टीनं मोजलं. बंद खोलीत धूर नको. बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, म्हणजे घुटीसुद्धा नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चुकवायच्या नाहीत. सहाण-वेखंड फळीवर गेलं. शंभर गोवऱ्यांची गोरसी अंगणात पेटली आणि थंडीत तिच्यावर हात शेकत बसल्या दोघी आज्या.

या गडबडीत लेकीला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं. तिनं आपण होऊन चिठ्ठी दिली. पॅडची सहा मोठी पाकिटं, पाठीला कडक उशी, लांब वायरचा चार्जर. आणि खाली, दोनदा अधोरेखित: "बाबा, दुपारी दोन तास खोलीत कुणीही येणार नाही."

हा माल कुठल्या बाजारात मिळायचा? पण स्टोअरच्या नोकरीत 'उपलब्ध नाही' असा शेरा मी कधी सहजासहजी मारला नाही. उतईत औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे; दाराशी ताठ कसं बसायचं, हे येताजाता बघून थोडंफार उचललं होतं. खुर्ची टाकली. पहिल्या दुपारी साडू परतवले. दुसऱ्या दुपारी प्रत्यक्ष हिला, हळिवाच्या खिरीसकट. त्याबद्दल रात्री काय झालं, ते इथं लिहीत नाही.

तिसऱ्या दुपारी दाई लोटा घेऊन आली. आत बाळंतिणीसाठीचा कांकेचा काढा, गूळ-सुंठ घातलेला, वाफा येणारा. "नोनी सुते हे का?" पोर झोपलीय का, असं तिनं कुजबुजत विचारलं. मी मान हलवली. ती पायरीवर बसली. काढा निवत चालला. तिनं एकदा लोट्याकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे, मग माझ्याकडे.

मी गुमान प्यालो. असा ठसका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण तो मी आतल्या आत गिळला. दोन तासांतली चाळीस मिनिटं अजून बाकी होती.