लॉट रिजेक्ट

पुतणीच्या रिसेप्शनला सहा आठवडे उरले होते. नाना आमच्या ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी एक नवाकोरा स्टीलचा डबा कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. डबा ठण्णकन आपटला, दोनदा उसळला आणि गडगडत नालीपाशी जाऊन थांबला. झाकण मात्र नानांच्या पायाशीच राहिलं.

"उघडला," नाना म्हणाले. "लॉट रिजेक्ट."

जबलपूरच्या आमच्या कांचघर भागात मराठी घरात लग्न ठरलं, की मुलीचा बाप आधी हॉलवाल्याकडे जातो आणि तिथून थेट नानांकडे. गुरुजींचा नंबर तिसरा. रिसेप्शनला आलेल्या पाहुण्याच्या हातात जाताना काय ठेवायचं, हे नानांना विचारल्याशिवाय ठरत नाही. विचारलं नाही तरी ते येतातच, म्हणून लोक आधीच विचारून टाकतात.

नाना गन कॅरेज फॅक्टरीतले. ही फॅक्टरी 1904 सालची. तिच्या भोंग्यावर आमच्या भागातल्या कित्येक घरांचे डबे भरले गेले आणि चहा उकळले. नानांची सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. तोफेच्या गाड्याचे सुटे भाग हातात घेऊन 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, तिसरा शब्द नाही. अशा माणसानं रिटायर झाल्यावर काय तपासायचं? पहिलं वर्ष त्यांनी दूध तपासलं. दुसऱ्या वर्षी दूधवाल्यानं गल्ली बदलली. तेवढ्यात मेव्हणीच्या मुलाचं लग्न निघालं आणि दूधवाला सुटला, आम्ही अडकलो.

'रिटर्न गिफ्ट' हा शब्द त्यांना मान्य नाही. "परतीचा आहेर म्हणा." पण त्यातही जबलपुरात एक गोची आहे. आपल्या पत्रिकेवर खाली ठळक छापलेलं असतं, 'कृपया आहेर आणू नये.' शेजारच्या हिंदी मंडळींना हे वाक्य भांडण उकरून काढल्यासारखं वाटतं. त्यांच्याकडे व्यवहार असतो. हॉलच्या दाराशी वही-पेन घेऊन एक जबाबदार फूफाजी बसतात आणि पाकिटातला आकडा नावासकट लिहून घेतात, कारण तो पुढच्या लग्नात फेडायचा असतो. मग आपल्या लग्नात मराठी पाहुणा हात हलवत येतो, हिंदी शेजारी पाकीट खिशात कोंबूनच जातो, आणि यजमान दोघांसमोर ओशाळा. "म्हणून परतीचा आहेर सगळ्यांना एक आणि एकसारखा," हा नानांचा सिद्धांत. मला तो पटतो. त्यांचं एवढंच पटतं.

बाकी त्यांचे नियम. काच नको, म्हणजे कांचघरात राहून काचेला बंदी. घड्याळ नको, बंद पडलं की लोक जोडप्याकडे बघतात. रुमाल नको, भांडण होतं. आणि देव तर मुळीच नको. आमच्या भावानं भेडाघाटच्या संगमरवराचे छोटे गणपती सुचवले होते, दिसायला फार गोड. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "साडेचारशे गणपती वाटशील. पाहुण्याच्या घरी आधीचे सात आहेत. फेकता येत नाही, पुजायला वेळ नाही. दोन वर्षांनी ग्वारीघाटावर पिंपळाखाली रांगेत बसलेले दिसतील. नर्मदामाईनं तुमचं काय वाकडं केलंय?"

पुराव्यादाखल त्यांच्याकडे एक हिरवी पत्र्याची पेटी आहे. आजवर मिळालेला प्रत्येक परतीचा आहेर तिच्यात, दोऱ्यानं चिठ्ठी बांधून. 1994, कुंकवाचा करंडा, झाकण सैल. 2007, फोटोफ्रेम, आत नवरा-नवरीचाच फोटो. शेरा, 'लग्न त्यांचं, भिंत माझी का?' नोव्हेंबर 2016, दोन चॉकलेटं, नोटबंदी, शेरा, 'समजण्यासारखं.' चॉकलेटं अजून पेटीत आहेत. नानांच्या घरच्या काकू म्हणतात, "माझ्या लग्नाची पैठणी या पेटीत होती. ती आता गादीखाली असते."

तर पुतणीच्या रिसेप्शनसाठी डबा ठरला होता, झाकणाचा, पावशेरी. खरेदीला आम्ही बडे फुहाऱ्याला गेलो. नानांच्या खिशात चुंबक. ते प्रत्येक डब्याला चुंबक लावत आणि चिकटलं की डबा बाजूला सारत. पाचव्या डब्यानंतर काउंटरमागचा पोरगा हसला.

"बड्डे, चुंबक से क्या होगा? 202 पर भी नहीं चिपकेगा."

जबलपुरात 'बड्डे' कुणालाही म्हणतात, पण नानांना गेल्या वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. शिवाय पोरगा खरं बोलत होता. 304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये महागाचं निकेल कमी करून मँगनीज घालतात. भाव उतरतो, पण चुंबक दोघांनाही चिकटत नाही. फॅक्टरीत तोफा तपासणाऱ्या माणसाला भांड्याच्या दुकानात हे ऐकावं लागलं. नानांनी चुंबक खिशात टाकलं आणि आवाज खाली आणून पहिल्यांदाच "बेटा" म्हणाले. त्या दिवशी डबे आम्हाला किलोमागे बऱ्यापैकी स्वस्त पडले.

परतताना कमानिया गेटखालून आलो. हे गेट 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीत बांधलेलं. काँग्रेसचं 52 वं अधिवेशन म्हणून मिरवणुकीत 52 हत्ती होते, हे जबलपुरात शाळकरी पोरही सांगतं. नानांना तिथून जाताना दर वेळी एकच प्रश्न पडतो, "त्या हत्तींना जाताना काय दिलं असेल?"

गेटपाशी काकूंनी ऑटो थांबवला. एवढ्या प्रकरणात त्या पहिल्यांदाच बोलल्या. "रिकामं भांडं कुणाच्या हातात देऊ नये. आत खोव्याची जिलबी घाला." बडकुल हलवायांची ती काळीसावळी जिलबी, पाकात निथळणारी! ती कागदात बांधली तर कागद पारदर्शक होतो. बायकांच्या पर्सा, पर्सांमध्ये मोबाईल. नानांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती 2019 मध्ये फॅक्टरीची 155 मिलिमीटरची 'धनुष' तोफ सैन्याकडे गेली तेव्हा पाहिली होती.

पुढचे चार दिवस आमच्या मोरीत दहा-दहा डबे पाणी भरून उलटे टांगलेले. झाकणासाठी नानांनी फॅक्टरीतला 'गो, नो-गो'चा नियम लावला. तिथल्या गेजचं एक टोक भोकात जायलाच हवं आणि दुसरं जाता कामा नये. इथे झाकण काकूंच्या अंगठ्यानं उघडायलाच हवं आणि पाच वर्षांच्या नातवाच्या अंगठ्यानं उघडता कामा नये. नातू दुपारभर झाकणांशी झटत होता. संध्याकाळी त्यानं संप केला.

मग नाव घालायची पाळी. दुकानाच्या पायरीवर विजेची सुई घेऊन बसणारे कारागीर मोठे तरबेज. अक्षर मोत्यासारखं, पण हिंदी. 'शुभविवाह सोहळा' असा मजकूर कागदावर लिहून दिला होता. नमुन्याच्या डब्यावर आलं, 'शुभविवाह सोहला'. खाली 'सप्रेम भेंट'. नाना खवळले. कारागिरानं कागद उलटा, आडवा, उजेडात धरून पाहिला आणि ळ कडे बोट दाखवून नम्रपणे विचारलं, "चाचाजी, ये क्या है? दो गोले?"

नानांनी पायरीवर बसकण मारली, त्याच्या पाटीवर खडूनं ळ काढला, पुसला, पुन्हा काढायला लावला. 'बाळ', 'काळा', 'जांभूळ' गिरवून झाले. आम्ही दोनदा चहा प्यायलो. जबलपुरात आमच्या तिसऱ्या पिढीच्या पोरांना जे अक्षर नीट येत नाही, ते त्या माणसाला पाऊण तासात आलं आणि इतकं आवडलं की शेवटी त्यानं 'सोहळा'तल्या ळ ला वेलबुट्टी काढली. भेंटवरचा अनुस्वार मात्र त्यानं सोडला नाही. नानांनीही तो पास केला. त्यांच्या आयुष्यातली ही एकमेव सवलत.

रिसेप्शनच्या रात्री नाना दाराशी टेबल टाकून बसले. घरामागे एक डबा, दुसरा मागणाऱ्याकडे ते नुसते बघत. तरी लोक दोन्ही दारांनी बाहेर पडले. पान खायला गेले आणि दुसऱ्या नातलगाचं नाव घेऊन परत आले. डबे साडेचारशे, घरं तीनशेच्या आसपास आली, आणि साडेदहाला टेबलावर एक डबा उरला नाही. पाक कुणाच्याही पर्समध्ये सांडला नाही. आम्हाला तसा एकही फोन आला नाही.

नानांना डबा राहिलाच नाही. त्यांच्याकडे तो नमुन्याचा, 'सोहला' वाला. तो पेटीत नाही. संध्याकाळी ते ओट्यावर बसून त्यातच चिवडा खातात.