परदेशी सत्राची कमाई

आमचा भाचा एका सत्रासाठी जर्मनीला गेलाय. ‘३० क्रेडिट मिळणार,’ असं ताई सोसायटीभर सांगते. फोनवर तो मात्र फक्त कचऱ्याबद्दल बोलतो. कागद निळ्या डब्यात, वेष्टनं पिवळ्यात, काच रंगानुसार वेगळी; तीही रविवारी टाकायची नाही, आवाज होतो! प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत केली की २५ सेंट सुटतात. त्यातून त्याने तूरडाळ आणली म्हणे. अभ्यासाचं विचारलं, की ‘चाललंय’. पुण्यात हाच गडी ओला-सुका एकाच पिशवीत कोंबून कुंडीच्या साधारण दिशेने भिरकावायचा. घंटागाडी रोज सकाळी दारात हाच धडा देते. पण त्या धड्याला व्हिसा लागत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही.