वळणाच्या आतल्या काठावर

२२ वर्षं मी मुलांना सांगत आलेय, की नदी वळणावर दोन कामं करते. बाहेरचा काठ खाते आणि आतल्या काठावर गाळ टाकते. फळ्यावर मोठं नागमोडी वळण काढायचं, बाहेरच्या अंगाला ‘खनन’ लिहायचं, आतल्या अंगाला ‘संचयन’ लिहायचं आणि वाळू दाखवायला खडूचे भराभर ठिपके मारायचे. उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही, वाईची कृष्णा शाळेच्या वाटेवरच आहे. आणि असं असूनही गेल्या कार्तिकात मी डावीकडच्या एका वळणावर, बरोब्बर आतल्या काठाला, जिथे इतकी वर्षं मी ठिपके मारत आले तिथेच, मोटारसायकलसकट आडवी झाले.

मोटारसायकल मुलाची. तो नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची स्प्लेंडर जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळून उभी राहिली. ‘विकून टाकू,’ असं ह्यांचं मत. त्याच आठवड्यात माझ्या बिनगिअरच्या स्कूटरनं, १७ वर्षांची सेवा बजावून, कायमची मान टाकली. शाळा वाईपासून धोमच्या वाटेवर, मेणवलीच्याही पुढं. मी म्हटलं, मी शिकते गिअरची गाडी. घरात थोडा वेळ शांतता पसरली. मग ह्यांनी अत्यंत सौम्य आवाजात विचारलं, “आता?” त्या ‘आता’मध्ये माझी पन्नाशी, माझे गुडघे आणि त्यांचा सकाळचा चहा अशा तिन्ही काळज्या एकत्र होत्या.

शिकाऊ परवाना काढला. पन्नासाव्या वर्षी गाडीच्या पुढं-मागं लाल अक्षरात ‘एल’ लावून गावातून जाण्यात एक मजा आहे. आपली सगळी विद्यार्थी मंडळी, माजी आणि आजी, आपल्याला पहिल्यांदाच विद्यार्थी म्हणून बघतात. मुलानं दोन रविवार मैदानावर शिकवलं. क्लच जमायला वेळ लागला. तो सोडायचा म्हणजे झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढायचा, इतकं हळू. थोडी घाई झाली की गाडी दचकून बंद. एकदा ते जमल्यावर मात्र पोरानं मला जे सांगितलं, ते ऐकून मला त्याच्याच अभ्यासाबद्दल शंका आली. “आई, वेगात असताना डावीकडे वळायचं ना, तर डावं हँडल पुढं ढकलायचं.”

“म्हणजे चाक उजवीकडे जाईल की रे!”

“हो. मग गाडी डावीकडे कलते.”

मला वाटलं थट्टा करतोय. नंतर वाचलं, तर हे सायकललाही लागू आहे आणि विमानवाल्या राइट बंधूंना ते ठाऊक होतं. त्यांचं सायकलींचं दुकानच होतं. त्यातला विल्बर सायकल चालवणाऱ्या डझनावारी लोकांना विचारायचा, की डावीकडे कसे वळता? जवळजवळ सगळे म्हणायचे, हँडल डावीकडे फिरवून. खोदून खोदून विचारल्यावर काहींच्या लक्षात यायचं, की आपण आधी ते किंचित उजवीकडे नेतो. रोज बिनचूक करत असलेली गोष्ट त्यांना सांगता मात्र येत नव्हती. हे वाचून मला फार बरं वाटलं. पोळी गोल कशी होते, हे मलाही कुणाला सांगता आलेलं नाही.

तर तो सोमवार. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेली. पावसानं पाडलेले खड्डे दिवाळीच्या आगेमागे खडी-डांबर टाकून बुजवायचे, हा आपल्याकडचा नेम. डांबर बेताचं आणि खडी सढळ हातानं. चार दिवस उसाच्या ट्रॉल्या त्यावरून गेल्या, की डांबराची पकड सुटते आणि खडी मोकळी होऊन फिरायला निघते. चाकं जिथून रोज जातात ती पट्टी झाडल्यासारखी स्वच्छ राहते. खडी कडेला जाऊन बसते. शिवाय डावीकडच्या आखूड वळणावर ट्रॉलीचं मागचं चाक नेहमी आत कापतं, रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरतं आणि परत चढताना तिथला मुरूम बरोबर घेऊन येतं. म्हणजे आतल्या काठाला खडी आणि वर मुरूम. संचयन! पाण्याऐवजी ऊस, एवढाच फरक. हे शास्त्र मी आता सांगतेय. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त, प्रार्थना चुकते की काय, हे होतं.

वेग ताशी २५. सायकलवाल्या पोरानं मागं टाकावं असा. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस, त्यामुळे वळणापलीकडचं दिसत नव्हतं. गाडी डावीकडे कलली आणि मला खडी दिसली. इथं मी थोडी थांबते, कारण पुढचं एक सेकंदाचं काम मला सांगायला नेहमीच वेळ लागतो. खडी दिसली, आणि त्यानंतर मला दुसरं काहीच दिसलं नाही. उजवीकडे पुरेसा स्वच्छ रस्ता होता, हे मी दुसऱ्या दिवशी बघितलं. त्या क्षणी जगात फक्त खडी होती, तिच्यातला एकेक दाणा मला वेगळा दिसत होता. ‘अगं, तिथं जायचं नाही,’ असं मी स्वतःला निक्षून सांगत होते आणि गाडी, कागदावर रेघ मारावी तशी, थेट तिथंच चालली होती. मग उजव्या हाताच्या चार बोटांनी, मला न विचारता, पुढचा ब्रेक आवळला.

पुढचं चाक डावीकडून उजवीकडे नुसतं निघून गेलं. आवाज आला तो भांड्यात तांदूळ ओतावेत तसा. पडताना सगळं आयुष्य डोळ्यांपुढून जातं म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढून फक्त डबा गेला. त्यात वांग्याची रस्साभाजी होती.

लेग गार्डमुळे पाय वाचला, हेल्मेटमुळे डोकं. मी डाव्या कुशीवर होते, माझ्या पायावर गाडी, आणि गाडीचं मागचं चाक हवेत अजून शाळेकडं निघालेलं. समोरच्या घराच्या ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या शेंगांची पाटी बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकत उठल्या, जवळ आल्या आणि वाकून म्हणाल्या, “सकाळधरनं तुमी तिसरं.”

मी हेल्मेटची काच वर केली.

“अगं बया! बाईमाणूस हाय व्हय!” त्यांचा चेहरा एकदम उजळला. आधीचे दोघे पुरुष असावेत. त्यात नवल नव्हतं. “कुटली गं तू? कुनाची?” मी गाडीखालूनच माहेर वाई-सासर वाई असं दोन्ही सांगितलं. तोवर दोन पोरं गाडी थांबवून धावत आली, एक दूधवाले आले. आधी कुणी तरी किल्ली बंद केली, हे त्यांनी फार चांगलं केलं. मग तिघांनी मिळून मोटारसायकल उचलली, झटकली, तिला बाजूला नेऊन स्टँडवर लावलं, तिची चौकशी केली. मला आजींनी उचललं.

यानंतर सल्ले. “म्याडम, पुढचा ब्रेक कदीच दाबायचा न्हाई, मागचाच दाबायचा,” हे दूधवाल्यांनी तीनदा सांगितलं. आपल्याकडे हे सगळेच सांगतात. खरं तर गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. पण सरळ रस्त्यावर. मला ते मुलानं नंतर नीट समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत असं बसवून घेतलं: टायरची पकड म्हणजे पगार. टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा, तेवढ्यातच सगळा महिना काढायचा. वळायला खर्च केली तर ब्रेकला कमी उरणार. आणि खडी आली, म्हणजे छर्ऱ्यांवरच उभं राहायचं, म्हणजे पगारच निम्म्याहून कमी हातात पडला. त्यात आपण वळणाचाही खर्च काढला आणि घाबरून ब्रेकचाही. उधारी रस्त्यानं गुडघ्यातून वसूल केली. खडी दिसायच्या आधी, सरळ असतानाच वेग कमी करायचा आणि खडीवर हातपाय आवरून, काहीही न करता, नुसतं जाऊ द्यायचं. काहीही न करणं हे मला घरीही कधी जमलेलं नाही.

शाळेत पोचले ती तिसऱ्या तासाला. आठवीच्या वर्गानं माझ्याकडं, कोपरावरच्या पट्टीकडं आणि परत माझ्याकडं बघितलं. “बाई, त्या आंब्याच्या घराजवळ ना?” एक मुलगी म्हणाली. “तिथं खडी असतीच.” वर्गातली निम्मी डोकी हलली. दूधवाल्यांना ठाऊक होतं, शिपाईमामांना ठाऊक होतं, चौथीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण बाईंना भूगोल येतो. डब्यातला रस्सा सहामाहीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात झिरपला होता. पेपर वाटले तेव्हा गुणांपेक्षा चर्चा काळ्या मसाल्याचीच जास्त झाली.

संध्याकाळी घरी लोक आले. पन्नाशीची बाई मोटारसायकलवरून पडली हे बघायला यायला कुणाला निमित्त लागत नाही. हळद प्रत्येकीनं आणली, आणि वाईत हळदीला काय तोटा. पण मला आवडलं ते वेगळंच. सांत्वन दोन मिनिटं चाललं आणि मग जो तो आपापलं पडणं काढून बसला. शेजारच्या काकांनी पँट वर करून १९८५ सालचा राजदूतवरचा वण दाखवला. समोरच्या वहिनी लुनावरून शेणाच्या खड्ड्यात गेल्या होत्या, हे त्यांच्या सासूलाही त्या दिवशीच कळलं. आणि ह्यांनी, ज्यांनी ‘आता?’ विचारलं होतं, त्यांनी कॉलेजात असताना मित्राची येझदी कालव्यात घातल्याचं कबूल केलं. २६ वर्षांच्या संसारात ही कालव्याची हकीकत एकदाही माझ्यापर्यंत आली नव्हती.

डॉक्टरांनी कोपरातली खडी चिमट्यानं काढली. एक काळा कण मात्र खोल रुतलाय, तो राहू दे म्हणाले, त्रास द्यायचा नाही. आपल्याकडची खडी म्हणजे बहुतेक बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर बसला, सह्याद्री झाला, त्यातला एक तुकडा क्रशरमध्ये गेला, तिथून रस्त्यावर आला, आणि आता माझ्या डाव्या कोपरात राहतो. नमुना म्हणून वर्गात फिरवता येत नाही, एवढीच अडचण.

गाडी मेस्त्रींकडे नेली. वाकलेला गिअर, तुटलेलं क्लचचं टोक, डावा आरसा, डावा इंडिकेटर. मेस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पत्रिका मांडावी तसं सांगितलं, “डावं वळण. पुढचा दाबला.”

“हो.”

“खडीकडं बघितलं का?”

“बघितलं ना. म्हणून तर—”

“मग जानारच की तिकडं,” असं म्हणून त्यांनी गिअरच्या दांडीत पाइप अडकवला आणि ती सरळ केली. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही आहे, असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं.

मला मात्र परत येताना, रिक्षात, एकदम आई आठवली. मला बघायला येणार त्या दिवशी तिनं स्वयंपाकघरात माझी तालीम घेतली होती. ट्रेमध्ये सहा कप, काठोकाठ. मी कपांकडे बघत चालले आणि उंबऱ्यापर्यंत निम्मा चहा बशीत. आई म्हणाली, “कपाकडं बघू नको गं. बसायचंय तिथं बघ.” पाहुणे आल्यावर मी समोर बघितलं, कपांना विसरले, आणि थेंब सांडला नाही. समोर तेव्हा हे बसले होते, कालवा पोटात ठेवून.

आठ दिवसांनी पुन्हा त्या वाटेनं निघाले. मेणवली मागं गेली, ऊस सुरू झाला. वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी केला. खडी होतीच, आता तिच्यावर कुणी तरी बाभळीची फांदीही टाकली होती. तिच्याकडं बघायची इच्छा इतकी अनावर होती, की हनुवटी हातानं धरून वर करावी असं वाटलं, पण हात मोकळे नव्हते. मग मी वळणापलीकडं, उसाच्या तुऱ्यांवरून, लांब पांडवगडाकडं बघितलं. तोंडानं चहा, चहा, चहा म्हणत राहिले. गाडी थोडी डुचमळली आणि गेली.

ओट्यावर आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं, कारण त्यांचा हात शेंगेवरच थांबला आणि त्या अर्ध्या उठल्या. मी पुढं गेले तशा पुन्हा खाली बसल्या. आरसा नवीन होता, त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं.