घाटातलं सहजीवन
पावसाळी शनिवारी निम्मी मुंबई आणि उरलंसुरलं पुणे संसाराचा शीण घालवायला लोणावळ्याला निघतं. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला तो वेगासाठी. पण बोरघाटात गाड्या अशा तुंबतात, की नवरा-बायकोला एकमेकांशी बोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. "गीझर बंद केलास ना?" इथून निघालेली गाडी "तुझ्या आईने तेव्हा..." पर्यंत पोचते. आई मागच्या सीटवर, डोळे मिटून आणि कान उघडे ठेवून. मग भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, अनोळखी कोपरं चुकवत सेल्फी. खाली एकच शब्द: 'कृतज्ञ'!

सोमवारी तो न सांगता आल्याचा चहा टाकतो, ती शेवटची अर्धी खारी त्याच्याकडे सरकवते. याला लाइक कोण देणार? टोलसुद्धा लागत नाही.