माळपक्ष्यांच्या बुडीत हंगामाविषयी सू फॉल्सहून जळगाव जामोदास पत्र

सू फॉल्स, साउथ डकोटा
मकरसंक्रांत, १४ जानेवारी २०१४

तीर्थरूप आबा व तीर्थरूप सौ. आई, मुक्काम जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा, यांच्या चरणी सू फॉल्स येथील मुलगा, सून व नातू यांचा शिरसाष्टांग नमस्कार. फोनवर शिकारीचा विषय निघाला की इकडचा आवाज तुटतो, निदान तुटला असे सांगितले जाते, म्हणून हे प्रकरण एकदा लेखी आणि तटस्थपणे मांडावे असे कुटुंबात ठरले आहे.

साउथ डकोटा राज्यात दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होणारा माळपक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम या खेपेस ५ जानेवारीला संपला आणि तो सपशेल बुडाला, हे या पत्राचे प्रतिपाद्य आहे. पाणथळीतली बदके वगळून कोरड्या गवताळ रानात चरणारे आणि जमिनीवरच अंडी घालणारे जे पक्षी असतात त्यांना येथे माळपक्षी म्हटले आहे. आपल्याकडचे तितर आणि लावे त्याच प्रकारात मोडतात, आणि येथे ज्याच्यामागे सारे राज्य धावते तो फेझंट तर मोर, रानकोंबडा आणि तितर यांच्याच कुळातला, फक्त गळ्यात पांढरी कंठी, अंगावर तांबूस सोनेरी पिसे आणि मागे हातभर शेपूट मिरवणारा आहे. हा सारा थाट नराचा. मादी वाळल्या गवताच्या रंगाची असते, आणि कायद्याने केवळ नरच मारता येतो, ही गोष्ट कुटुंबाच्या पुढील दुर्दैवाशी निगडित असल्याने लक्षात ठेवावी.

हा पक्षी मूळचा अमेरिकेचा नव्हे. शांघायमधील अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२ च्या सुमारास चीनमधून फेझंट पाठवून ते ओरेगन राज्यात सोडवले. साउथ डकोटात १९०८ च्या आसपास रेडफील्ड गावाजवळ सोडलेले पक्षी टिकले, १९१९ साली ३० ऑक्टोबर या एकाच दिवशी स्पिंक परगण्यापुरती पहिली शिकार झाली, आणि १९४३ साली या परदेशी पाहुण्याला चक्क राज्यपक्ष्याचा मान मिळाला. चाळिशीच्या आतच राज्याचे मानचिन्ह होऊन बसलेल्या या आशियाई स्थलांतरिताची प्रगती, ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे असलेल्या कुटुंबाला, कौतुकास्पद आणि किंचित खुपणारी वाटते. कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला या देशात बंदूक बाळगण्यास एरवी मनाई आहे, पण शिकारीचा परवाना काढला की ती उठते, हेही याच संदर्भात नमूद करावे लागेल. पणजोबांची ठासणीची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करून आणणाऱ्या आबांना हा नियम उफराटा वाटण्याची शक्यता आहे.

शिकारीची पद्धत जुन्या हाक्याचीच आहे. मक्याच्या उभ्या पट्ट्यातून किंवा कमरेइतक्या गवतातून काहीजण ओळीने पक्षी उठवत चालतात आणि दुसऱ्या टोकाला काहीजण वाट अडवून उभे राहतात. मधल्या मधे सापडलेला फेझंट उडण्याऐवजी पायांनी पळणे पसंत करतो आणि अगदीच नाइलाज झाला की मोठ्याने कर्कश ओरडत पायांखालून वर उसळतो. त्या क्षणी ज्याला तो आधी दिसेल त्याने नर असल्यास 'रूस्टर' आणि मादी असल्यास 'हेन' असे ओरडायचे असते. कुटुंबाचे कर्ते पुरुष हे व्यवसायाने संगणक अभियंता, त्यातून स्वभावाने पडताळणीचे भोक्ते. कंठी आहे का, शेपूट किती, रंग कोणता याची खातरजमा करून ते निष्कर्षाला येत तोवर पक्षी शेजारच्या परगण्यात उतरलेला असे. त्यांना आपल्या मोहिमेत सामील करून घेणारे शेजारचे निवृत्त शेतकरी, ज्यांचे आजोबा नॉर्वेहून येथे आले, सज्जन असल्याने काही बोलले नाहीत, परंतु त्यांचा लॅब्राडोर कुत्रा हंगामाच्या उत्तरार्धात कर्त्यांच्या बंदुकीचा बार ऐकूनही जागचा हलेनासा झाला, यावरून जनावरे अनुभवातून शिकतात हे सिद्ध होते. कायद्याने एका माणसाला दिवसाला तीन नर मारता येतात. कुटुंबाने या मर्यादेचा एकदाही भंग केलेला नाही.

मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्राचाही येथे खुलासा करणे इष्ट ठरेल. चिरंजीवांच्या मागे त्यात जो प्रचंड फेझंट दिसतो तो ह्युरॉन गावातला १९५९ साली उभारलेला २८ फूट उंचीचा पुतळा आहे, जिवंत पक्षी नव्हे. तो पाहून गल्लीत ज्या बातम्या पसरल्या त्या मागे घेण्यात याव्यात.

परंतु सर्व अपयश कर्त्यांच्या नेमबाजीवर ढकलणे शास्त्रशुद्ध होणार नाही, कारण पक्षीच नव्हते. राज्याचे वन्यजीव खाते जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दव पडलेल्या सकाळी, प्रत्येकी ३० मैलांच्या ११० ठरलेल्या रस्त्यांवरून हळूहळू मोटार नेते आणि अंग कोरडे करण्यासाठी खडीच्या रस्त्यावर आलेल्या माद्या व पिले मोजते, आणि मैलामागे किती पक्षी दिसले हा आकडा हंगामाचे भाकीत म्हणून जाहीर करते. भेंडवळची घटमांडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट समजण्यास अडचण पडू नये. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट आखून त्याभोवती अठरा धान्ये मांडायची, मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, पापड, कुरडई, भजे आणि पान-सुपारी ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय भिजले हे पाहून पाऊस, पिके आणि राजाची गादी यांचा अंदाज सांगायचा, या पद्धतीच्या शास्त्रीयतेवर आक्षेप घेतले जातात आणि ते योग्यच आहेत. मात्र भाकीत ऐकल्यानंतर माणसे ज्या रीतीने वागतात त्यात दोन्ही ठिकाणी काडीचा फरक नाही. भाकीत चांगले आले तर सर्वजण आधीपासूनच ठाऊक असल्याचे सांगतात, आणि वाईट आले तर आपल्या शिवारापुरते ते खोटे ठरेल असे धरून चालतात.

२०१३ च्या उन्हाळ्यातली मोजणी मैलाला १.५२ पक्षी, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा ६४ टक्के कमी, अशी निघाली. हा आकडा जाहीर होताच गृहिणींनी, ज्यांचे वडील बुलढाणा जिल्ह्यात तलाठी होते, त्याचे पैसेवारीत रूपांतर केले. पैसेवारी म्हणजे चांगल्या वर्षीच्या पिकाला रुपया मानून चालू पिकाची पैशांत केलेली किंमत, जी पन्नासच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती लागू होतात. त्या हिशेबाने डकोटातील फेझंटची पैसेवारी छत्तीस भरली. शेजाऱ्यांना ही कल्पना इतकी पटली की पुढे मोहिमेतील सर्वजण, वऱ्हाडी उच्चाराची पर्वा न करता, 'छत्तीस पैसे' हा शब्दप्रयोग करू लागले. डिसेंबरात राज्यपाल डेनिस डूगार्ड यांनी ह्युरॉन येथे फेझंटच्या अधिवासावर परिषदही बोलावली. पालकमंत्र्यांच्या आढावा बैठका पाहिलेल्या कुटुंबाला तिचे स्वरूप ओळखीचे वाटले, फरक इतकाच की येथील अर्जदार बंदूकधारी होते.

आता कारणांकडे वळता येईल. २०१२ साली या मुलखात मोठा दुष्काळ पडला, त्यामुळे घरटी लपवणारे गवतच वाढले नाही, आणि त्यानंतरचा वसंत थंड व ओला गेला. फेझंटची मादी जमिनीवर दहा-बारा अंडी घालून सुमारे तेवीस दिवस उबवते; अंडी नासली तर ती पुन्हा बसते, परंतु वर्षात पिलांची एकच फळी वाढवते, आणि पहिल्या काही आठवड्यांत प्रामुख्याने किड्यांवर जगणारी ती पिले गारठ्यात भिजली की वाचत नाहीत. एक वर्ष कोरडे आणि दुसरे ओले, हा क्रम बुलढाण्यास नवा नाही, कारण त्याच २०१२ साली आपल्याकडे टंचाई आणि २०१३ च्या पावसाळ्यात विदर्भात अतिवृष्टी झाली, आणि सोयाबीन दोन्ही मार्गांनी गेले.

सोयाबीनचा उल्लेख येथे केवळ दुःख म्हणून केलेला नाही, कारण हवामानापलीकडचे खरे कारण तेच आहे. १९८५ च्या एका कायद्यान्वये अमेरिकी सरकार शेतकऱ्याला दहा ते पंधरा वर्षे वार्षिक मक्ता देऊन जमीन न नांगरता गवताखाली ठेवायला लावते; २००७ साली देशभरात अशी ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती, ती २०१३ पर्यंत सुमारे २ कोटी ७० लाखांवर आली, कारण मक्यापासून इंधन बनू लागल्यावर मका आणि सोयाबीन यांचे भाव मक्त्याला मागे टाकून गेले. साउथ डकोटा राज्य विद्यापीठाच्या राइट आणि विम्बर्ली या दोन अभ्यासकांनी गेल्या वर्षी दाखवून दिले की २००६ ते २०११ या काळात मक्याच्या पश्चिम पट्ट्यात सुमारे तेरा लाख एकर गवताळ जमीन निव्वळ या दोन पिकांखाली गेली. जळगाव जामोद तालुक्यात ज्वारी हटून सोयाबीन आले, धुरे नांगरून एकेक तास वाढवले गेले, ई-क्लासच्या गायरानावर अतिक्रमणे झाली, आणि आबांच्या तरुणपणी पहाटे ज्यांच्या ओरडण्याने जाग येत असे ते तितर गावापासून दूर गेले. दोन खंडांतल्या दोन पक्ष्यांना एकाच शेंगेने बेघर करावे हा योगायोग नसून बाजारभाव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तितराला बंदुकीपासून वाचवले, नांगरापासून नव्हे. ज्या फासेपारध्यांना तितराच्या प्रत्येक वाटेचे ज्ञान होते ते त्या कायद्याने गुन्हेगार ठरले, आणि अकोला-वाशीम भागात संवेदना ही संस्था त्याच समाजाला सोबत घेऊन गवताची राने राखण्याचे काम करते, हे अधिक शहाणपणाचे दिसते.

येथे उलट शिकाऱ्याच्या पैशावर गवत जगते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे काडतुसांवर अकरा टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो, मग त्यातून निघालेले छर्रे पक्ष्याला लागोत की आभाळाला. या दृष्टीने पाहता साउथ डकोटातील फेझंटसंवर्धनास कर्त्यांनी या हंगामात लावलेला हातभार मोठा आहे, कारण त्यांनी काडतुसे भरपूर वापरली आणि पक्षी एकही कमी केला नाही. गृहिणींना हा युक्तिवाद मान्य नाही. परवाना, बूट, भडक केशरी जाकिटे, पेट्रोल आणि काडतुसे यांची त्यांनी ठेवलेली खर्चाची वही पत्रासोबत जोडण्याचा विचार होता, तो कर्त्यांच्या विनंतीवरून सोडून देण्यात आला.

अशा हंगामाचा सामना येथील लोक कसा करतात, हा या पत्राचा गाभा आहे. दिवस मावळला की रिकाम्या हाताने परतलेली मंडळी शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये शेगडीभोवती बसतात आणि अपयशाची मीमांसा करतात, तेव्हा त्यांच्यात पंथ पडलेले आढळतात. काहीजण सर्व दोष कोल्हे, कायोटी आणि रकून यांना देतात, काही वाऱ्याला, काही सरकारला, आणि काहीजण पक्षी आता शहाणे झाले आहेत असे मानतात. डकोटाच्या लोकांना बोलण्याची सवय कमी असल्याने ही चर्चा सुरुवातीला फार लवकर आटोपत असे. परंतु बुलढाणा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला बुडालेल्या हंगामावर बोलण्याचे जे शिक्षण पारावर, बाजार समितीच्या ओट्यावर आणि एसटीच्या मागच्या बाकावर फुकट मिळते, ते येथे कुणापाशीच नव्हते. पेरणीच्या वेळी पाऊस, फुलोऱ्यात उघडीप, शेंगेत पुन्हा पाऊस आणि काढणीला भाव नाही, या क्रमाने एकाच आपत्तीचे चार वेगळे शोक करण्याची पद्धत कर्त्यांनी फेझंटला लावून दाखवली, त्यात विमा कंपनीचे आणि मागील पिढीच्या सुकाळाचे प्रकरण जोडले, आणि थोड्याच दिवसांत बंदूक न चालवता आल्यामुळे गेलेली पत त्यांनी शेगडीपाशी पूर्ण भरून काढली. पुढच्या हंगामाचे निमंत्रण त्यांना मिळाले आहे, ते नेमबाजीसाठी नव्हे हे सर्वांना ठाऊक आहे.

घरात आलेला एकमेव फेझंट शेजाऱ्यांनी दिलेला होता. मारलेला पक्षी नर असल्याचा पुरावा म्हणून नेताना त्याचे डोके, पिसांसह पंख किंवा पाय अंगालाच ठेवावा लागतो, त्यामुळे तो बराच वेळ फ्रिजमधून कुटुंबाकडे पाहत होता. अखेर वऱ्हाडी पद्धतीच्या झणझणीत रश्श्यात त्याची रवानगी झाली आणि एक छर्रा चिरंजीवांच्या दाताखाली आला. हा मजकूर तीर्थरूप आईंना वाचून दाखवताना गाळावा. त्यांनी फोनवर "कायले जाता बाप्पा जीव घ्यायले?" असे विचारले होते आणि त्यानंतर शेगावी जाऊन काही मागणे मागितल्याचे कानावर आले आहे, हंगाम बुडण्यामागे त्या मागण्याचा हात असावा असा कुटुंबात एक मतप्रवाह आहे, मात्र एका नवसाने ११० रस्ते रिकामे होतील काय, याचा निर्णय अधिकारी व्यक्तींनीच करावा.

शेवटी एक विनंती. येत्या २ मे रोजी अक्षय्य तृतीया असून आबा नेहमीप्रमाणे भेंडवळला जातीलच. तेव्हा दुसऱ्या दिवशीचे भाकीत त्यांनी विनाविलंब कळवावे, कारण शेजाऱ्यांच्या मोहिमेतील सर्वांनी ते मागितले आहे आणि परवान्याचे पैसे भरण्याचा निर्णय त्यावर ठेवला आहे. घटात फेझंटसाठी धान्य नसते हे त्यांना समजावून सांगितले गेले, त्यावर मक्याचे काय निघते एवढे कळले तरी पुरे, मका चांगला निघाला की पक्षी मिळणार नाहीत हे आपण ओळखू, असे त्यांनी उत्तर दिले.

तिळगूळ वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. कळावे, लोभ असावा.

आपले आज्ञाधारक,
मुलगा, सून व नातू