उपासाला ताक चालतं

आमच्या पिढीची एड्सशी ओळख झाली ती एसटी स्टँडच्या भिंतीवर, मुतारीच्या शेजारी. एक कवटी, दोन हाडं आणि खाली लालभडक अक्षरं. नेमकं काय करू नये हे त्या चित्रावरून कळत नसे, म्हणून आम्ही सगळ्यालाच भ्यायचं ठरवलं.

मी पाचाडचा. रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला खरचटायला निमित्त लागत नाही. चित दरवाजाकडच्या पायऱ्या, करवंदीच्या जाळ्या, पावसाळ्यातली शेवाळलेली पाखाडी, लाल डब्यातल्या सीटचा उचकटलेला पत्रा. हळद दाबायची आणि कामाला लागायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. बिनसलं ते दाढी करताना. सलूनवाल्याचं ब्लेड गालावर जरा आडवं गेलं. त्याने तुरटी फिरवली आणि "काय नाय काका, पुटकुळी होती" असं सांगून पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं. ब्लेड नवं होतं की आधीच्या माणसाचं, ते मी बघितलंच नव्हतं. त्या वेळी मी त्याला विधानसभेचं गणित समजावून देत होतो.

रात्री मोबाइलवर लक्षणं वाचली. थकवा, घसादुखी, रात्री येणारा घाम. मे महिन्यात पाचाडला रात्री ज्याला घाम येत नाही त्यालाच खरं तर डॉक्टरकडे न्यावं, पण इतका विचार करण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. घराच्या भिंतीवरचा प्रत्येक डास आधी कुणाकडे जेवून आला असेल, याचा मी हिशोब मांडत बसलो.

त्यात ६ जून आला. राज्याभिषेकदिनाच्या गर्दीत पायऱ्यांवर एका तरुणाचं कोपर माझ्या कोपरावर घासलं. दोघांनाही खरचटलं. आता कुणाचं रक्त कुणाला लागलं? मी त्याच्या मागेच लागलो. सरळ विचारायची सोय नव्हती, म्हणून आडून आडून सुरुवात केली : गाव कुठलं, लग्न झालंय का, तब्येत कशी असते, काही व्यसन वगैरे? महादरवाजा येईपर्यंत त्याने पगार, शेती आणि कुलदैवत न विचारता सांगितलं आणि माझ्या पाया पडला. संध्याकाळी मोबाइलवर त्याचा बायोडाटा आला. मला मुलगी नाही, हे त्याला कसं सांगावं या विचारात त्या रात्री विषाणू जरा मागे पडला.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. मुंबईहून कायमचा गावी परतलेला आमच्याकडचा एकजण रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी गोळी घेतो. कसली, ते गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. गडाच्या वाटेवर ताक विकणाऱ्या मावशींपाशी तो भेटला आणि त्याने हातातला पेला पुढे केला. मी म्हणालो, "आज उपास आहे."

"ताक चालतं की उपासाला," तो म्हणाला. मी हसल्यासारखं केलं. त्याने पेला मागे घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. दर २० मार्चला पोरांसमोर उभं राहून १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह घसा फोडून सांगणारा माणूस मीच. महाडचं ते तळं इथून एसटीने तासाभराच्या आत.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, एकदा रक्त तपासून या, नाहीतर मला तरी झोपू द्या." सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रात गेलो. समुपदेशक ताई मला मुलगी असती तर तिच्या वयाच्या. त्यांनी दार लावलं आणि संबंधांबद्दल एकेक प्रश्न विचारला. प्रत्येकाला माझं उत्तर "नाही". माझं आयुष्य किती बेचव गेलं आहे, हे कागदावर पहिल्यांदाच आलं.

मग त्यांनी माझी यादी खोडायला घेतली. डास, घाम, थुंकी, पेला, संडास, हस्तांदोलन : काही नाही. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. बाधित रुग्णाची सुई नर्सला टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास, आणि तीही ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर आणखी खाली येते. "ब्लेड नवंच मागा काका, पण ते कावीळ ब साठी. तो विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. लस घेतलीय?" नाही. "धनुर्वाताचं इंजेक्शन?" शाळेत असताना कधीतरी.

भारतात एड्सचा विषाणू, एचआयव्ही, पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासला. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आमच्या महाड भागातला एक शोध छापून आला. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरी केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं होतं, की लाल विंचू चावलेला माणूस रक्तदाबावरच्या प्रॅझोसिन या गोळीने वाचवता येतो. त्याआधी असे रुग्ण हृदय थकून, फुप्फुसात पाणी होऊन डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर जात. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तो विंचू आमच्या न्हाणीघरामागच्या लाकडांत राहतो आणि मी तिथे काळोखात अनवाणी जातो. त्याच्या भीतीने माझी झोप कधी उडाली नाही. विंचू चावला तर लोक धावत येतात, त्यात लाजण्यासारखं काही नसतं.

माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. गावातल्या त्या माणसाची गोळी कसली, ते मला अजून माहीत नाही, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे त्याच्याकडून ते वदवून घ्यायचा मला अधिकारही नाही. आणि समजा तीच असली, तरी नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, त्याच्यापासून त्याच्या बायकोलासुद्धा लागण होत नाही. मी तर नुसतं ताक पिणार होतो.

तुम्हाला शंका असेल तर सरकारी केंद्रात तपासणी फुकट होते आणि नाव बाहेर जात नाही. नुसतं विचारायचं असेल तर १०९७ ला फोन करा. आणि पाचाडला मुक्कामाला आलात, तर रात्री बाहेर काढलेले बूट सकाळी झटकून मगच पायात घाला.