समुद्रात आपलं कोण हाय?

कोल्हापुरात पैसे टाकून वस्तू मिळत नाही असं नाही; पण नुसते पैसे टाकून ती घेणं जरा कमीपणाचं समजतात. प्रत्येक पेठेत एक बापू असतात आणि त्यांचा या बाबतीत फार कटाक्ष असतो. आमच्या मंगळवार पेठेतल्या बापूंचा तर अंमळ जास्तच. सोनं गुजरीतच घ्यायचं, पण पेढीवर आजोबांपासूनचं खातं पाहिजे. चप्पल लाइनीत गेले तर पाय पुढं करायच्या आधी दुकानदाराचं गाव, भावकी आणि मेव्हण्याचा धंदा एवढं विचारून झालेलं असतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढलेलं दूध उभ्यानं प्यायचं, तर तिथं गवळ्याचीच काय, म्हशीचीही ओळख असते. दवाखान्यात डॉक्टर मागाहून. आधी कंपाउंडर कुणाचा कोण हे निघालं पाहिजे. ते निघेपर्यंत पुष्कळदा ताप उतरतो.

अशा माणसाच्या घरात थोरल्या सुनेनं एका रात्री जेवणं झाल्यावर क्रूझचा विषय काढला. तिच्या मावसबहिणीनं बोटीच्या बाल्कनीतला फोटो पाठवला होता: हातात कॉफीचा मग, मागं नुसतं पाणी. फोटो घरभर फिरून बापूंपाशी आला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "समुद्रात आपलं कोण हाय?"

कुणालाच उत्तर देता येईना. बापूंचं उद्यमनगरात टर्निंगचं वर्कशॉप. आरटीओपासून दूध संघापर्यंत आणि तालमीपासून मार्केट यार्डापर्यंत माणसं पेरलेली. पण ती सगळी जमिनीवर. गगनबावड्याचा घाट उतरला की ती विरळ होत जातात आणि किनाऱ्याला संपतात.

तरी बापू मागं हटले नाहीत. क्रूझची त्यांची चौकशी तशी जुनीच आहे. 2018 साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली तेव्हा कान्होजी आंग्र्यांचं नाव ऐकून ते खूश झाले होते. निदान नाव तरी आपलं. पण तिच्यावरचा आपला माणूस सापडायच्या आत करोना आला आणि ती थांबली. 2019 साली 'जलेश'ची 'कर्णिका' आली. तिची चौकशी निम्म्यावर असताना तीही बंद पडली आणि 2020 च्या अखेरीला गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. आणि इथं काय व्हावं? ओळख निघाली! शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीवाल्या दोस्ताला भंगार पुरवणारा एकजण अलंगला जाऊन-येऊन असायचा. बापूंनी त्याला फोन लावून बोट कशी होती ते तासभर विचारलं. सगळ्या समुद्रात बापूंना आपला म्हणावा असा पहिला माणूस भेटला तो बोटी तोडणाऱ्यांच्या बाजूचा. पत्रा चांगल्या जाडीचा असतो, असं त्यानं सांगितलं.

राहता राहिली 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस'. राजारामपुरीतल्या एजंटाच्या ऑफिसात बापू गेले ते फॅमिलीला घेऊनच. अकरा माणसं. खुर्च्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडनं आणल्या (तो ओळखीचा). एजंट पोरगा चुणचुणीत. त्यानं स्विमिंग पूल, कॅसिनो, रात्रीचे शो असं सुरू केलं. बापूंनी हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे. मॉडेल किती सालचं?"

पोरानं मोबाइलमध्ये पाहिलं. बोट 1990 ची, फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेली. तेव्हा नाव 'नॉर्डिक एम्प्रेस', मग 'एम्प्रेस ऑफ द सीज', आणि 2021 पासून आपल्याकडं.

"म्हंजे सेकंडहँड हाय म्हणा की."

पोरगा ओशाळला. पण बापूंनी ते नावं ठेवायला म्हटलं नव्हतं. उद्यमनगरात सेकंडहँड हा शब्द आदराचा आहे. त्यांच्या स्वतःच्या वर्कशॉपातला मोठा लेथ त्यांच्याहून वयानं वडील आहे आणि अजून सूत हलत नाही. जुनं मशीन चालतं, मात्र त्यावरचा माणूस बघावा लागतो. म्हणून पुढचा प्रश्न: "इंजिनावर फिटर कोण असतोय? नंबर दे त्याचा."

नंबर नव्हता. तिथून सूर बिघडला. त्यातच खोल्यांचा नकाशा पुढं आला. स्वस्तातली खोली बोटीच्या पोटात, तिला खिडकीच नाही, त्यावरची काचेतून समुद्र दिसणारी, त्यावरची बाल्कनीवाली.

"पैसं दिऊन अंधारात बसायचं?" बापू म्हणाले.

"मला तीच पायजे," आज्जी म्हणाल्या. आज्जी म्हणजे बापूंच्या आई. "पाणी दिसलं न्हाई म्हंजे आपण घरातच हाय असं वाटतंय."

बाल्कनीचा हिशेब मांडला तर माणशी भाडं, वर बंदराचा आकार, वर जीएसटी, आणि सगळ्यात शेवटी टिप. ती आधीच बिलात लावायची. बापूंना खरा धक्का बसला तो इथं. हा माणूस हॉटेलात पोऱ्यानं रस्सा न सांगता वाढला तर शंभराची नोट वाटीखाली सरकवून जातो. टिप ही त्यांची कमाई आहे. त्यातूनच पुढची ओळख उगवते. ती सरकारी पट्टीसारखी छापील कागदावर आली म्हणजे देणाऱ्याचं नाव कुठं राहिलं? माझ्या मते बापूंच्या सगळ्या तक्रारींत एवढी एक अगदी रास्त होती.

जेवणाचं विचारताच पोरगा खुलला. जैन मिळतं, काँटिनेंटल मिळतं, पाहिजे तितकं घ्या. "आणि तांबडा-पांढरा?" पोरगा गप्प. बाहेरचं जेवण बोटीत न्यायला देत नाहीत, हे त्यानं खालच्या आवाजात सांगून टाकलं. घरातल्या थोरल्या काकूंनी नुसती पर्स चाचपली. कांदा-लसूण चटणी हे जेवण नव्हे, ते औषध आहे, असा निवाडा त्यांनी मनातल्या मनात करून टाकला असणार. यात नवं काही नाही. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जयपूरचे माधोसिंग चांदीचे प्रचंड हंडे भरून गंगाजळ बोटीनं लंडनला घेऊन गेले होते. आपले शाहू महाराजही त्याच सोहळ्याला गेले होते. त्यांच्या सामानात चटणी होती की नाही ते कुठं लिहिलेलं नाही, पण कोल्हापूरकराला विचारलं तर तो 'होती' म्हणेल.

इतिहास निघाला तसा बापूंचा ऊर भरून आला. मालवणचा सिंधुदुर्ग 1812 च्या तहापर्यंत करवीरकरांचा होता, आपलं आरमार होतं, इंग्रज आपल्याला टरकून असायचे. "आणि आता आपुन बोटवाल्यांना आयडी प्रूफ दाखवायचं." आज्जींना इतिहास दुसऱ्या टोकाकडून ठाऊक. "राजाराम महाराज गेलं हुतं की बोटीतनं विलायतेला. माघारी आलं न्हाईत." गोष्ट खरी आहे. 1870 साली इंग्लंड पाहून परतताना विशीतला तो राजा इटलीत फ्लॉरेन्सला वारला. आर्नो नदीच्या काठी त्याची छत्री आहे. बापू थोडा वेळ थांबून म्हणाले, "ते जमिनीवर गेलं, आई. बोटीनं काय केलं न्हाई त्यांना."

"बोटीत बसलोय की आपण एकदा," काकूंनी मध्येच सांगितलं. बसले होते खरे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात ही मंडळी शाहूपुरीत बहिणीकडं अडकली होती आणि रबरी बोटीतून बाहेर आली. खाली गल्ली, वर पाऊस, मांडीवर नातू, कुणाच्या तरी काखेत मिक्सर. बचाव पथकाचा जवान ओरडत होता, हलू नका. बापू हलले नाहीत. तेवढ्यात त्यांनी जवानाचं गाव विचारून घेतलं. जवान हरियाणाचा. पण त्याच्या तुकडीत गडहिंग्लजचा एकजण होता. कोरड्यावर पाय ठेवेपर्यंत बापूंकडं त्याचा नंबर आला होता, आणि दिवाळीला आजही त्याला फोन जातो. बापूंच्या मते ती खरी क्रूझ. टिप नाही, जीएसटी नाही, शिवाय आपला माणूस.

अखेर मुंबईहून सुटून गोव्याला थांबून परत मुंबईला येणारी फेरी घ्यायची असं ठरलं. आता जरा नकाशा बघा. कोल्हापुरातून आंबोलीवरनं गोवा म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सकाळी मिसळ खाऊन निघालं तर दुपारचा मासा तिकडं. आणि बापूंची फॅमिली काय करणार? गुरुवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून उलट्या दिशेला मुंबई गाठणार, शुक्रवारी बोटीत चढणार, रात्रभर विजयदुर्ग-मालवणसमोरनं जाणार, म्हणजे घराच्या जवळात जवळच्या समुद्रातनं, आणि शनिवारी गोव्यात उतरणार. हे बापूंच्या भाच्याच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, "मामा, मी शनिवारी पहाटं निघतो गाडी घेऊन. रश्श्याचा डबा घेतो. तुम्ही मुरगाव बंदरात उतरला की मी गेटावर हायच."

बापूंना ते इतकं पटलं की त्यांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. गोव्याच्या बंदरात आपला माणूस उभा!

"मी डब्याबरोबर येतो," आज्जी म्हणाल्या. त्यांच्या सोबतीला थोरल्या काकू हव्यातच. धाकट्या सुनेला गाडी लागते, पण बोट त्याहून जास्त लागंल, असं तिला वाटायला लागलं. पोरं आज्जीकडं झोपतात. जावई म्हणाले, परतताना पुन्हा मुंबई कशाला करायची? दोन दिवसांत भाच्याची गाडी भरून ओसंडायला लागली, तेव्हा बापूंनी टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली. तिचा मालक त्यांच्या वर्कशॉपात बुशा टर्न करून नेतो.

थोरल्या सुनेनं यावर एक शब्द काढला नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं मोबाइलवर बाल्कनीची एक खोली, दोन माणसांची, बुक केली; नवऱ्याचं कार्ड, आलेला ओटीपी, आणि काम संपलं. सकाळी चहाच्या वेळी तिनं ते सांगितलं, तेव्हा बापूंचा कप बशीवरच राहिला.

"कुणाच्या वळखीनं?"

"कुणाच्याच नाही, मामंजी."

बापू दिवसभर गप्प होते. वर्कशॉपातनं दोनदा घरी फोन करून त्यांनी पैसे खरंच कापले गेलेत का, ते विचारलं. संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला गेले, तर कट्ट्यावर शिवाजी पेठेतले एक बापू भेटले. त्यांच्याही घरात क्रूझचं निघालेलं.

"चौकशी करालोय," ते म्हणाले, "पण त्या लाइनीत आपलं कुणीच न्हाई बघा."

"न्हाई कसं?" आमचे बापू सरसावून बसले. "आमची थोरली सून चाललीया की. खोली किती पायजेत, एवढंच सांगा."